चॅनेलवर बावटा हवा, पंचांग नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळमध्ये सहा जणांची टीम, कोड गिटहबवर आणि बोलणं स्लॅकवर. नवी आवृत्ती निघाली की रिलीज नोट्स, म्हणजे काय बदललं त्याची टिपणं, चॅनेलवर आपोआप याव्यात म्हणून गिटहबचं ॲप जोडलं, तर इतका कचरा यायला लागला की सगळ्यांनी चॅनेलच म्यूट करून टाकलं. आता वेबहुक (ज्यावर मजकूर पाठवला की तो चॅनेलवर उमटतो असा पत्ता) वापरून स्वतः करायला घेतलंय, पण रिलीज केली की वर्कफ्लो (गिटहबने आपोआप चालवायच्या पायऱ्या) कधी चालतो, कधी चालत नाही. आणि सपोर्ट बघणाऱ्या दोघींना काय बदललं ते अजूनही ग्राहकाच्या फोनवरूनच कळतं.

मी रत्नागिरीत असतो. आंबा बागायतदारांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो: किती पेट्या गेल्या, वाशीच्या बाजारातून पट्टी (विक्रीचा हिशेब) किती रुपयांची आली, त्यात हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती. रिलीजचा मेसेज पाठवणारी ही यंत्रणा मी तीनदा बांधली आणि त्यातली दोनदा मोडून टाकली, म्हणून जरा लांबच लिहितो.

तुम्ही विचारलंय वेबहुकबद्दल, पण दुखणं त्या शेवटच्या वाक्यात आहे, सपोर्टला ग्राहकाच्या फोनवरून कळतं त्यात. एक किस्सा सांगतो. आमच्यात कुणीतरी नवं चॅनेल काढलं आणि जुनं अर्काइव्ह केलं. स्क्रिप्ट मात्र जुन्या चॅनेलच्याच वेबहुकवर पाठवत राहिली. स्लॅक प्रत्येक वेळी चूक कळवत होतं, आमचा वर्कफ्लो प्रत्येक वेळी हिरवा होत होता, आणि जवळजवळ दोन महिने एकही मेसेज कुठेच पोचला नाही. हिरवा कसा, ते पुढे सांगतो. पण दोन महिने मेसेज येत नाहीयेत हे टीममध्ये एकाच्याही लक्षात आलं नाही! तेव्हा समजलं की आम्ही चॅनेलवर जे ओतत होतो ते कुणी वाचतच नव्हतं. आपण एक पाइप जोडून ठेवला होता आणि त्यातून काय वाहतंय ते बघायचं राहून गेलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. खलाशी तो लांबून बघतो आणि होडी काढायची की नाही ते ठरवतो. वारा किती वेगाने, दाब कुठे कमी, हे ज्याला हवं तो नंतर विचारतो. चॅनेलवरचा मेसेज हा बावटा आहे. रिलीज नोट्स म्हणजे पूर्ण पंचांग, ते गिटहबच्या रिलीजच्या पानावर असू दे. अख्खं पंचांग चॅनेलवर वाचून दाखवलं की माणूस म्यूटचं बटण शोधतो.

आता थोडं ‘तुमच्यावर अवलंबून आहे’ प्रकारातलं. महिन्यातून एखादी रिलीज आणि वाचणारे सगळे डेव्हलपरच असतील, तर खरं म्हणजे वेबहुकच्या नादाला लागूच नका. गिटहबचं स्लॅक ॲपच पुरेल, फक्त ते नीट लावायला हवं. त्यात रेपो (कोडचं कोठार) सबस्क्राइब केला की इश्यू, पुल रिक्वेस्ट (कोडातला बदल सामील करायची विनंती), कमिट (नोंदवलेला बदल), रिलीज, डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर चढवणं) असं सगळं एकदम सुरू होतं. तुमच्याकडचा कचरा तो हाच. रिलीज तेवढं ठेवून बाकीची नावं देऊन अनसबस्क्राइब करा, पाच मिनिटांचं काम आहे. त्याहून सोपं हवं असेल तर प्रत्येक रेपोच्या रिलीजच्या पानाला ॲटम फीड (नव्या नोंदींची आपोआप बनणारी यादी) असतं, ते स्लॅकच्या फीड कमांडला देऊन टाका.

उलट दिवसाला पाच-सात रिलीज होत असतील तर प्रत्येकीचा मेसेज नकोच. आमच्याकडे हंगामात, म्हणजे फेब्रुवारी ते मे, दुरुस्त्यांचा असा धबधबा असतो. तेव्हा आम्ही दिवसभराचं गोळा करून सकाळी एकच मेसेज टाकतो. ही वेळ आम्ही वर्कफ्लोत यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितो, म्हणजे आपले सकाळचे १० हवे असतील तर ४:३०. बरोब्बर तासाच्या ठोक्यावरची वेळ घेऊ नका, त्या वेळी गिटहबवर गर्दी असते आणि काम रेंगाळतं.

तुमचं प्रकरण मधलं वाटतं: आठवड्याला एखादी रिलीज, वाचणारे दोन प्रकारचे. तर आता वर्कफ्लो कधी चालतो, कधी नाही, त्याकडे येऊ.

एक करून बघा. ज्या रिलीजला मेसेज आला नाही ती उघडा आणि ती कुणाच्या नावावर आहे ते बघा. माणसाचं नाव नसून गिटहब ॲक्शन्सचा बॉट दिसला, तर कारण सापडलं. वर्कफ्लोला आयतं मिळणारं जे टोकन (परवान्याची किल्ली) असतं, ते वापरून केलेल्या रिलीजमुळे दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. एका वर्कफ्लोने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने पहिल्याला उठवत बसू नये म्हणून गिटहबने मुद्दाम तसं ठेवलंय. तुम्ही हाताने रिलीज केली की चालतो आणि स्क्रिप्टने केली की चालत नाही, असंच होत असणार. यावर दोन उपाय. मेसेज पाठवण्याची पायरी वेगळ्या वर्कफ्लोत न ठेवता रिलीज करणाऱ्या वर्कफ्लोच्याच शेवटी लावा, किंवा रिलीज करायला गिटहब ॲपचं वेगळं टोकन वापरा. मी पहिला उपाय सुचवेन, कारण जास्तीचं टोकन म्हणजे सांभाळायला जास्तीची किल्ली.

ट्रिगर (वर्कफ्लो सुरू करणारी घटना) म्हणून टॅगचा (आवृत्तीच्या खुणेचा) पुश घेतला असेल तर आणखी एक खाच आहे: एकाच वेळी तीनपेक्षा जास्त टॅग पुश केले तर त्यांचा इव्हेंटच तयार होत नाही.

आता मी काय करतो ते. मी ट्रिगर म्हणून रिलीजचा ‘पब्लिश्ड’ हा प्रकार घेतो आणि ते पब्लिश माणसाकडून करवतो. वर्कफ्लो टॅगवरून मसुदा तयार करतो, म्हणजे ड्राफ्ट रिलीज. ड्राफ्टमुळे काहीच सुरू होत नाही. मग डिप्लॉय होतं, कुणीतरी खऱ्या सर्व्हरवर लॉगिन करून एक पट्टी काढून बघतं, मसुद्यातल्या दोन ओळी सुधारतं आणि मगच पब्लिशचं बटण दाबतं. मेसेज तेव्हा जातो. माणसाने दाबल्यामुळे टोकनची ती भानगडही उरत नाही. फक्त ‘पब्लिश्ड’मध्ये प्री-रिलीजही येतात हे लक्षात ठेवा. बीटा सपोर्टला दाखवायचं नसेल तर तशी अट घाला.

‘आपोआप’ म्हटल्यावर मधे माणूस कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. आमची पहिली यंत्रणा टॅग पडल्या पडल्या मेसेज टाकायची, आणि तीही ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवरून. एप्रिलचा दुसरा आठवडा, हंगाम भरात. हमाली दोनदा वजा होत होती, तो दोष आम्ही दुरुस्त केला, टॅग टाकला, मेसेज गेला: ‘हमालीचा प्रश्न सुटला.’ सपोर्टच्या ताईंनी तो वाचून लगेच बागायतदारांना फोन लावायला घेतले. इकडे डिप्लॉय अर्ध्यात असताना वीज गेली, इन्व्हर्टरने दहा मिनिटांत मान टाकली, आणि सर्व्हरवर जुनीच आवृत्ती राहिली. ताईंनी ज्यांना ज्यांना ‘झालं हो दुरुस्त’ म्हणून सांगितलं, त्या सगळ्यांनी पट्टी काढली आणि हमाली पुन्हा दोनदा. राजापूरच्या एका बागायतदाराने ताईंना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर ताई महिनाभर त्या चॅनेलवर विश्वास ठेवायच्या नाहीत, आधी मला विचारायच्या, ‘खरंच झालंय ना रे?’

म्हणून मेसेजमधलं क्रियापद महत्त्वाचं. ‘टॅग टाकला’, ‘बिल्ड झालं’, ‘ग्राहकाला दिसायला लागलं’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सपोर्टला फक्त तिसरीशी देणंघेणं आहे. आणि हो, ही स्क्रिप्ट ऑफिसातल्या मशीनवर ठेवू नका. कोकणात जून ते सप्टेंबर वीज आणि नेट कधी दगा देईल सांगता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत वीज यायला किती दिवस लागले हे इथल्या कुणालाही विचारा.

आता मजकूर. गिटहबचं आपोआप नोट्स बनवणारं बटण वाईट नाही, पण ते पुल रिक्वेस्टची शीर्षकं एकाखाली एक लावतं. आमच्याकडे ते असं दिसायचं:

‘२.८.०: पट्टी सर्व्हिसमधला नल एरर फिक्स. डिपेन्डन्सी बम्प. वजावट मॉड्यूल रिफॅक्टर. टायपो.’

यातून ताईंना काय कळणार? आता त्याच रिलीजचा मेसेज असा जातो:

‘२.८.० सुरू झालं. पट्टीत हमाली दोनदा वजा होत होती, ते बंद झालं. जुन्या पट्ट्या आपोआप बदलणार नाहीत. ग्राहकाने विचारलं तर पट्टी उघडून “पुन्हा मोजा” दाबायला सांगा. बाकी सगळं इथे: लिंक.’

यातलं ‘जुन्या पट्ट्या आपोआप बदलणार नाहीत’ हे वाक्य कुठल्याही कमिटमध्ये नव्हतं. ते ज्याने काम केलं त्याच्या डोक्यात होतं. ते तिथून बाहेर काढायला आम्ही पुल रिक्वेस्टच्या टेम्पलेटमध्ये एक रकाना घातला: ‘ग्राहकाला काय सांगायचं?’ काही सांगायचं नसेल तर ‘काही नाही’ असं लिहायचं, पण रकाना रिकामा असेल तर मर्ज होत नाही. पहिले पंधरा दिवस पोरांनी कुरकुर केली. एकाने तर प्रत्येक ठिकाणी ‘देव बरे करो’ लिहून ठेवलं होतं. पण काम करताना लिहिलेली ती एक ओळ रिलीजच्या दिवशी आठवून लिहिलेल्या दहा ओळींना भारी पडते. स्क्रिप्ट फक्त या ओळी गोळा करते आणि ‘काही नाही’ वाल्या गाळते. सगळ्याच गळल्या तर मेसेजच पाठवत नाही. नुसतं ‘अंतर्गत सुधारणा’ म्हणून चॅनेल वाजवण्यात अर्थ नाही.

पुल रिक्वेस्टना लेबलं लावून रिलीजच्या नोट्सचे गट पाडायची सोय गिटहबमध्येच आहे, रेपोत एक छोटी कॉन्फिग फाइल ठेवावी लागते. रिलीजच्या पानासाठी ती जरूर वापरा. चॅनेलसाठी नको.

आता बांधणीतले खड्डे. यातल्या प्रत्येकात मी पडलोय.

सगळ्यात धोक्याचा आधी. रिलीजचा मजकूर वर्कफ्लोच्या शेल स्क्रिप्टमध्ये (शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम) दुहेरी महिरपी कंसाने थेट घुसवू नका. आमच्यात एकाने नोट्समध्ये एका फील्डचं नाव बॅकटिकमध्ये (उलट्या अवतरणचिन्हात) लिहिलं, आपण सगळेच लिहितो तसं. शेलला वाटलं ही कमांड आहे. त्याने ती चालवायला घेतली, अशी कमांड नाही म्हणून लॉगमध्ये कुरकुर केली, आणि चॅनेलवर मेसेज आला तो मधला शब्दच गायब होऊन. आम्ही हसलो. मग रात्री झोपताना डोक्यात आलं की त्या जागी खरीच एखादी कमांड असती तर? आपोआप नोट्समध्ये पुल रिक्वेस्टचं शीर्षक येतं, आणि रेपो खुला असेल तर ते शीर्षक कुणीही परका माणूस लिहू शकतो. म्हणजे परक्याच्या हातात तुमच्या रनरचं (वर्कफ्लो चालवणाऱ्या मशीनचं) शेल, आणि शेजारीच तुमची सिक्रेट्स (जपून ठेवलेले पासवर्ड). उपाय साधा: मजकूर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, तिथून जेक्यू या छोट्या साधनाला आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि जेसन (वेबहुकला मजकूर ज्या साच्यात लागतो तो) त्याच्याकडूनच बनवून घ्या. हाताने अवतरणचिन्हं जोडून जेसन बनवला तर पहिल्याच ‘नवी ओळ’ला तो मोडतो.

दुसरा, तो हिरव्या वर्कफ्लोचा. कर्लला (वेबहुकवर मजकूर पाठवणाऱ्या कमांडला) सर्व्हरने ४०४ किंवा ४१० असा चुकीचा इशारा देणारा आकडा दिला तरी कर्लच्या दृष्टीने काम झालेलं असतं: पत्र टाकलं, उत्तर आलं, उत्तरात शिव्या असल्या म्हणून काय झालं. ‘फेल’चा पर्याय दिला की मगच तो नापास होतो. नव्या कर्लमध्ये ‘फेल विथ बॉडी’ आहे, तो घ्या, म्हणजे स्लॅक नेमकं काय म्हणालं तेही लॉगमध्ये उरतं. आमचे दोन महिने या एका शब्दापायी गेले.

तिसरा खास आपला, मराठीत लिहिणाऱ्यांचा. स्लॅकच्या एका सेक्शन ब्लॉकमध्ये ३००० अक्षरं मावतात, डिस्कॉर्डच्या साध्या मेसेजमध्ये २०००, टेलिग्रामला ४०९६. मजकूर लांबला तर कापावा लागतो, आणि नेटवर सापडणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्टा तो बाइट मोजून कापतात. इंग्रजीत चालून जातं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइटचं. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट. मधेच सुरी फिरली की शेवटी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह, आणि कधी कधी जेसनच अवैध. चिन्हं मोजून कापलं तरी ‘क्ष’चा लंगडा ‘क्’ उरू शकतो. म्हणून मी अक्षरावर कापतच नाही. ओळी एकेक जोडत जातो, मर्यादेच्या अलीकडे थांबतो आणि ‘उरलेलं इथे’ म्हणून लिंक देतो.

चौथा किरकोळ, पण दिसायला ओंगळ. स्लॅकचं मार्कअप म्हणजे गिटहबचं मार्कडाउन नव्हे. ठळक करायला एकच तारा, लिंक कोनी कंसात, आणि हॅशवाली शीर्षकं तशीच हॅशसकट दिसतात. अँपरसँड आणि दोन्ही कोनी कंस मजकुरात असतील तर ते एस्केप करा, म्हणजे त्यांच्या जागी त्यांचे संकेत लिहा. आणि ब्लॉक वापरले तरी मेसेजचं साधं टेक्स्ट फील्ड भराच, कारण फोनवरच्या नोटिफिकेशनमध्ये तेच दिसतं. ताई ऑफिसात असतात त्याहून जास्त एसटीत असतात, त्या उघडतात की नाही ते त्या एका ओळीवर ठरतं.

वेबहुकचा यूआरएल म्हणजेच पासवर्ड. ज्याच्या हाती तो लागला तो तुमच्या चॅनेलवर काहीही लिहू शकतो. तो रिपॉझिटरीत नको, गिटहबच्या सिक्रेट्समध्ये ठेवा. उघड्यावर पडलेले असे यूआरएल स्लॅक स्वतः शोधून रद्द करतं, त्यामुळे एखाद्या दिवशी मेसेज अचानक थांबले तर ही शक्यताही तपासा.

इनकमिंग वेबहुकने टाकलेला मेसेज नंतर बदलता येत नाही, आणि त्याच्याच थ्रेडमध्ये उत्तरही टाकता येत नाही, कारण मेसेजची ओळख वेबहुक परत देत नाही. सुरुवातीला याने काही अडत नाही. पण रिलीज मागे घ्यावी लागली की अडतं. ‘२.८.० सुरू झालं’ हा मेसेज वर तसाच लटकतो आणि कुणीतरी संध्याकाळी तोच वाचून ग्राहकाला फोन लावतं. म्हणून तिसऱ्या बांधणीत मी बॉट टोकन आणि पोस्टमेसेज पद्धतीवर गेलो. ती मेसेजचा टाइमस्टॅम्प परत देते, तो जपून ठेवतो, आणि माघार घेतली तर मूळ मेसेजच बदलून वर ‘मागे घेतलं, ग्राहकाला सांगू नका’ असं लिहितो. तुम्ही वेबहुकने सुरुवात करा, पण माघारीचा मेसेज हाताने टाकायची जबाबदारी कुणाची ते आजच ठरवा.

टीम्सवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नेटवरचे जुने लेख ऑफिस ३६५ कनेक्टर वापरायला सांगतात. मायक्रोसॉफ्टने ते बंद करायचं २०२४ मध्येच जाहीर केलंय, आता वर्कफ्लोज वापरायचं. तो फ्लो एका माणसाच्या खात्यावर असतो, त्याला जोडीला दुसरा मालक लावून ठेवा, नाहीतर माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला की मेसेजही त्याच्याबरोबर जातात.

आणि व्हॉट्सॲप. कुणीतरी विचारणारच, कारण आपल्याकडे खरं ऑफिस तिथेच भरतं. अनधिकृत लायब्ररी लावून ग्रुपवर पाठवायच्या फंदात मी पडत नाही, नंबर ब्लॉक होतो आणि तो नंबर बहुधा मालकाचाच असतो. चॅनेलवरचा मेसेज मराठीत आणि चार ओळींत असेल तर ताई तोच कॉपी करून बागायतदारांच्या ग्रुपवर टाकतात. टाकण्याआधी वाचतातही, आणि ‘हे वाक्य कळत नाही रे’ म्हणून परत पाठवतात. तेवढी तपासणी कुठल्याच स्क्रिप्टने आजवर केलेली नाही.

तुम्ही आधी एक चाचणीचं चॅनेल काढा, त्याचा वेगळा वेबहुक घ्या, आणि मुद्दाम बॅकटिक, अवतरणचिन्ह, अँपरसँड आणि एखादं ‘क्षि’ घातलेली प्री-रिलीज पब्लिश करा. मेसेज जसाच्या तसा पोचला तर बांधणी ठीक आहे. नाही पोचला तर वर्कफ्लोतला मेसेज पाठवण्याचा भाग इथे टाका, बघतो. टाकण्याआधी यूआरएल तेवढा पुसा.